नऊ कंपन्यांचा बायोडेटा

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना चालून जातात पण वाचताना अडतात अशा दोन-चार जागा नीट केल्या आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं आहे.)

आज गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवार म्हणजे आपला रविवार. त्यामुळे मागे आवाज आलाच तर तो प्रेस मशीनचा नाही, शेजारच्या कुकरचा आहे असं समजा.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या महिनाभरात जे निरोप आले त्यातले निम्मे एकाच अर्थाचे होते. "दादा, चार वर्षांत पाच कंपन्या झाल्या, आता कुणी उभं करत नाही, काय करू?" एकाने तर लिहिलंय, "बायोडेटा काढायचीच लाज वाटते." त्याला आधी सांगतो, मी स्वतः नऊ सोडल्या आहेत, दहावीत आहे. आता चाकणला एका मशीन शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर म्हणून काम करतो आणि ऑपरेटर घ्यायचे असले की पहिली फेरी माझ्याकडे असते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

परवाचंच सांगतो. एक मुलगा आला, परभणीकडचा. आयटीआय झालेला, व्हीएमसीवर काम केलेला. बायोडेटात दोन कंपन्या. मी विचारलं, मधली दोन वर्षं कुठे होतास? तो म्हणाला, गावी शेती. हातावर कूलंटने झालेले डाग ताजे होते. शेतीत कूलंट कुठून आलं? थोडं बोलतं केलं तर कळलं, कंपन्या सहा होत्या. चार लपवल्या होत्या, कारण कुणीतरी त्याला सांगितलेलं की जास्त कंपन्या दिसल्या की घेत नाहीत. मग मी त्या चारांबद्दल विचारलं. त्यातल्या तीन एकाच प्लांटमधल्या निघाल्या! मशीन तेच, सुपरवायझर तोच, गेटसुद्धा तेच. फक्त ठेकेदार बदललेला.

आपल्या पट्ट्यात नोकऱ्या बदलतात म्हणजे नेमकं काय होतं, ते या मुलाच्या कागदावर दिसतं. बाहेरच्या लोकांना वाटतं, पोरं चंचल आहेत, पाचशे रुपयांसाठी उड्या मारतात. मारतातही काही, नाही म्हणत नाही. पण वर्षात २४० दिवस भरले की कायदा ती एक वर्षाची सलग सेवा धरतो आणि त्यातून कामगाराचे हक्क उभे राहतात. म्हणून सात महिने झाले की 'ब्रेक'. हा शब्द भोसरीपासून म्हाळुंग्यापर्यंत कुणालाही विचारा. ब्रेकनंतर त्याच मशीनवर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने गेटपास. माणूस जागेवरून हललेला नसतो आणि बायोडेटात मात्र तीन कंपन्या चढलेल्या असतात.

आमच्या चुलत्यांची पिढी वेगळी होती. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. एकदा चिकटलं की माणूस घड्याळ आणि नारळ घेऊनच बाहेर पडायचा. त्यांच्या डोक्यात 'नोकरी सोडली' म्हणजे काहीतरी भानगड केली. लग्नाच्या बैठकीत अजून हा प्रश्न येतो, "पोरगा परमनंट आहे का?" पण परमनंट तरी कुठपर्यंत? आकुर्डीतलं स्कूटरचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन बंद झालं. बारा वर्षं. त्यामुळे मनातली लाज आधी काढून टाका. इथे नोकऱ्या बदलणं हा स्वभाव नाही, हवामान आहे. पावसाळ्यात छत्री घेऊन निघतो ना, तसं निघायचं.

आता बायोडेटाचं. त्या मुलाला मी तिथेच कोऱ्या कागदावर लिहून दिलं. वर प्लांटचं नाव, तिथे किती काळ होतो, कुठल्या मशीनवर, काय काम. त्याच्याखाली लहान अक्षरात, 'या काळात पुढील तीन ठेकेदारांमार्फत', आणि तिघांची नावं, महिने. झालं. सहाच्या चार झाल्या आणि एक शब्दही खोटा नाही. माझ्यासारखा माणूस कागद हातात घेतो तेव्हा त्याला कंपन्या मोजायच्या नसतात. त्याला बघायचं असतं, हा माणूस एका ठिकाणी टिकून काही शिकलाय का. दोन वर्षं एकाच लाईनवर काढली असतील तर ती दोन वर्षंच दिसली पाहिजेत, सात-सात महिन्यांचे तुकडे नव्हे.

लपवू मात्र नका. हे मी ठेच खाऊन सांगतोय. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी होती, चाकणच्या सप्लायर कंपन्यांनी आधी ठेक्यावरची माणसं कमी केली, त्यात मी होतो. त्यानंतर एका ठिकाणी चार महिने काढले, जमलं नाही, सोडलं. पुढच्या इंटरव्ह्यूला ते चार महिने मी खाल्ले. ट्रायल चांगली झाली, पगार ठरला, सोमवारपासून या म्हणाले. मग एचआरच्या मॅडमनी पीएफच्या पोर्टलवर लॉगिन करायला लावलं, 'सर्व्हिस हिस्टरी' उघडली. सगळं ओळीने समोर. कंपनीचं नाव, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख. मॅडम काही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चार महिन्यांचं सांगितलं असतंत तरी घेतलं असतं." मी खाली आलो, टपरीवर चहा सांगितला आणि तो तसाच ठेवून निघालो.

२०१४ मध्ये यूएएन आला, म्हणजे पीएफचा एकच कायमचा नंबर. तेव्हापासून आपला इतिहास आपल्याआधी गेटवर पोचतो. म्हणून इंटरव्ह्यूच्या आधी स्वतः ती सर्व्हिस हिस्टरी बघा आणि बायोडेटातल्या तारखा तिच्याशी जुळवा. बऱ्याचदा जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख टाकलेलीच नसते. म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच! अशा वेळी सोडून दोन महिने झाल्यावर ती तारीख पोर्टलवर आपली आपल्याला टाकता येते, आधार जोडलेलं असलं की झालं. आणि हो, नव्या ठिकाणी लागताना "आधी पीएफ होता का" या प्रश्नाला "नाही" म्हणू नका. घाईत पोरं नाही म्हणतात, की दुसरा यूएएन तयार होतो, आणि मग दोन नंबरांची गाठ सोडवण्यात वर्ष जातं.

ईएसआयसीचंही तेच. माझा एक रूम पार्टनर होता, लातूरकडचाच, निगडीला एका खोलीत आम्ही पाच जण. त्याने सहामाहीच्या मध्ये कंपनी बदलली. नव्या ठेकेदाराने नवाच विमा नंबर काढला, यानेही विचारलं नाही. पुढे कावीळ झाली. दीड महिना अंथरुणावर. आजारपणाचा भत्ता मिळायला त्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. याचे मिळून नव्वद दिवस होते, पण पन्नास एका नंबरावर आणि चाळीस दुसऱ्यावर. एकूण पुरेसे, वेगवेगळे अपुरे. मोहननगरच्या हॉस्पिटलात उपचार झाले, पण पगाराच्या ७० टक्के जो भत्ता मिळाला असता तो अडकला. त्या दीड महिन्यात त्याच्या वाट्याचं खोलीभाडं आम्ही चौघांनी भरलं. नोकरी बदलली तरी विमा नंबर तोच चालतो, एवढं माहीत असतं तर ही वेळ आली नसती.

आता माझं स्वतःचं सांगतो, आणि हे सांगताना आजही पोटात कालवतं.

मी २००९ मध्ये आयटीआय झालो, मशिनिस्ट. एक वर्ष भोसरीत अप्रेंटिस. अप्रेंटिसला पीएफ नसतो, ते ठीक. पुढे तीन वर्षं एकाच गिअर शॉपमध्ये तीन ठेकेदार. दर ब्रेकला मी काय केलं? पीएफ काढला. पहिल्यांदा खोलीच्या डिपॉझिटला, दुसऱ्यांदा बहिणीच्या लग्नात, तिसऱ्यांदा मोटरसायकल. त्यानंतर एका कंपनीच्या पेरोलवर लागलो, सव्वाचार वर्षं राहिलो. चाकणला दीड हजार जास्त मिळत होते म्हणून सोडली आणि पुन्हा पीएफ काढला. चाकणची दोन वर्षं लॉकडाऊनमध्ये काढून खाल्ली. तेव्हा तर इलाजच नव्हता, त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही.

पण पीएफ काढताना आपण दोन फॉर्म भरतो, एकोणीस नंबर आणि दहा-सी. एकोणीस म्हणजे पीएफचे पैसे. दहा-सी म्हणजे पेन्शनचे. ठेकेदाराचा माणूस दोन्हीवर सही घ्यायचा आणि आपण करायचो, कारण दोन्हीचे पैसे येतात. मला कुणी सांगितलं नाही की दहा-सीवर पैसे घेतले की तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशोबातून पुसली जातात. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, म्हणजे वर्षं शिल्लक राहतात. आणि नवी नोकरी लागलेली असेल तर काढायचंच नाही, नव्या खात्यात वर्ग करायचं. पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. हिशोब साधा आहे: पेन्शनचा पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५ हजार. मी घालवलेली वर्षं होतात साधारण नऊ. १५ हजार गुणिले नऊ भागिले ७०, म्हणजे महिन्याला एक हजार नऊशे अठ्ठावीस रुपये. वय ५८ झाल्यापासून जिवंत असेपर्यंत, दर महिन्याला. माझी सेवा आज कागदावर २०२१ पासून सुरू होते. बायकोने विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात मग?" थट्टेतच विचारलं तिने. पण पोर्टलवर बघितलं तर खरंच, पेन्शनच्या हिशोबात आधीचा मी नाहीच.

ती सव्वाचार वर्षांची नोकरीही बघा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, हे मला माहीत होतं, पण कधी मांडून बघितलं नव्हतं. माझा बेसिक चौदा हजार धरा. पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६, गुणिले पाच वर्षं. चाळीस हजार तीनशेच्या वर होतात. मी नऊ महिने आधी निघालो, दीड हजारांसाठी. नऊ महिन्यांचे झाले साडेतेरा हजार. म्हणजे साडेतेरा कमवायला मी चाळीस टाकून आलो आणि वर निगडी ते चाकण रोजचं पेट्रोल. सोडायचीच होती, तर नऊ महिन्यांनी सोडायची होती.

यात नवीन बदल झालाय तो लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पण मेख अशी की मुदतीचा करार हा तुमचा आणि मालकाचा लेखी करार असतो. ठेकेदाराच्या गेटपासवर आत जाणं म्हणजे मुदतीचा करार नव्हे. नेमणूक पत्रही आता द्यावंच लागतं. तेव्हा लागताना सरळ विचारा, "मी कुणाच्या पेरोलवर? पत्र मिळेल ना?" विचारलं म्हणून कुणी हाकलत नाही. उलट मला तरी असं विचारणारा मुलगा बरा वाटतो, तो गायब होणार नाही असं वाटतं.

गायब होण्यावरून आठवलं. पगार सात ते दहा तारखेला होतो आणि अकराला दर लाईनवर दोन-चार माणसं कमी असतात. हे दर महिन्याचं आहे. शोधणाऱ्याने त्याचा फायदा घ्यावा. अकरा ते पंधरा तारखेला गेटवर विचारायला जा, तेव्हा आमची खरोखर अडचण असते. दिवाळीच्या आधी कुणी हलत नाही, बोनससाठी थांबतात, दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात जागा निघतात. उलट जून-जुलैत आयटीआयची नवी बॅच येते, तेव्हा ट्रेनीच्या दरात माणसं मिळत असतात, त्या गर्दीत अनुभवी माणसाने भाव करायला जाऊ नये. बोनसचं मात्र एक गुपित सांगतो, गुपित कसलं, कायदाच आहे. त्या वर्षात ३० दिवस काम केलेलं असलं की तेवढ्या काळाचा बोनस लागू होतो, मधे नोकरी सोडली तरी. चोरी-मारामारीवरून काढलेलं नसलं म्हणजे झालं. ठेकेदार आपणहून बोलावून देणार नाही. दिवाळीत फोन करून मागा. मी एकदा मागितला, तीन फोननंतर मिळाला.

गुरुवारी शोधायला निघू नका, हे सांगायला नको. तुमची सुट्टी तीच भोसरीची सुट्टी, गेटवर फक्त वॉचमन भेटेल. सेकंड शिफ्ट असते त्या आठवड्यात सकाळचा वेळ मोकळा असतो, तेव्हा फिरा. हातातली नोकरी सोडून शोधायला निघालेल्या माणसाचा आवाजच बदलतो, समोरच्याला तो कळतो आणि पगार दोन हजारांनी खाली येतो. आणि कुठे जागा आहे हे कुणाला माहीत असतं? ऑनलाइन जाहिरातीला नसतं माहीत. टूल इन्सर्ट विकायला येणाऱ्या सेल्समनला असतं, मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला असतं, कंपनीच्या बसवरच्या ड्रायव्हरला असतं. ही माणसं दहा कंपन्यांत फिरतात. आताची माझी नोकरी मला एका इन्सर्टवाल्याने सांगितली. मी त्याच्या इन्सर्टचा टूल लाईफ वहीत लिहून ठेवायचो, त्याला ते फार आवडायचं.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. 'चाकणमध्ये थेट परमनंट भरती', मेडिकलचे पाचशे, युनिफॉर्मचे आठशे, फाईलचे हजार. तळेगाव चौकात उभं करतात आणि फोन बंद. नोकरी देणारा पैसे घेत नाही, देतो.

राहिला इंटरव्ह्यू. "आधीची का सोडलीत?" या प्रश्नाला पोरं रामायण सांगतात. सुपरवायझर असा, एचआर तसा. एका वाक्यात सांगा आणि थांबा. "ब्रेक मिळाला." "लाईन बंद झाली." "टर्निंगवर होतो, व्हीएमसी शिकायचं होतं." खरं असेल तेच. मग मी पुढचा प्रश्न विचारतो, तिथे काय नवीन शिकलास? नऊ नोकऱ्या चालतात मला, नऊ वेळा एकच काम केलेलं चालत नाही. पहिल्या ठिकाणी जॉब लावून बटण दाबायचा, दुसऱ्या ठिकाणी ऑफसेट द्यायला लागला, तिसऱ्या ठिकाणी सेटिंग, चौथ्या ठिकाणी फॅनुकवरून सिमेन्सवर आला. अशी चढण दिसली की कंपन्यांची संख्या मी विसरतो. आणि ट्रायलला ड्रॉइंग देतो. त्यावर २५ एच-सात लिहिलेलं असतं, एच लहान लिपीतला, म्हणजे शाफ्टचा. किती चालेल? शून्य ते उणे २१ मायक्रॉन. दहा वर्षं अनुभव लिहिलेले इथे अडकतात आणि दोन वर्षांचा एखादा पटकन सांगून मायक्रोमीटर हातात घेतो. मायक्रोमीटर घेतल्यावर आधी झिरो तपासला, तर माझं निम्मं ठरलेलं असतं.

तो परभणीचा मुलगा? त्याने झिरो तपासला. सोमवारपासून येतोय, सेकंड शिफ्टला. जाताना त्याने मी लिहून दिलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "साहेब, मागच्या ठेकेदाराचा दहा-सी भरून ठेवलाय, अजून दिलेला नाही. देऊ का?" मी म्हटलं, "फाड आधी तो."

पुढच्या भागात ओव्हरटाईमचा हिशोब पगाराच्या चिठ्ठीवर कसा वाचायचा ते बघू. तुमच्याकडे चिठ्ठी असेल तर नाव-नंबर झाकून फोटो पाठवा, त्याच घेऊ आपण उदाहरणाला. चला, कुकरची तिसरी शिट्टी झाली.